क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूल आणि खिलाडूवृत्तीचा प्रश्न

शालेय खेळांचे उद्दिष्ट काय, असे विचारले की शिस्त, संघभावना, चारित्र्य आणि खिलाडूवृत्ती हे शब्द ठरल्याप्रमाणे पुढे येतात. या मूल्यांशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. पण ती कोण सांगतो, कोणाला सांगतो आणि कोणत्या वेळी सांगतो, हे तपासले पाहिजे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातून घेतले. त्याच काळ्यांच्या एका शाळेचा इतिहास या तपासणीसाठी उपयोगी आहे.

इंडियाना राज्याच्या राजधानीत, इंडियानापोलिसमध्ये, १९२७ पर्यंत काळी मुले गोऱ्यांच्याच हायस्कुलांत शिकत होती. कू क्लक्स क्लॅनचा त्या शहरावर जबर पगडा बसला होता, त्या दशकात काळ्यांसाठी वेगळे हायस्कूल बांधले गेले. त्याला थॉमस जेफर्सनचे, म्हणजे गुलाम बाळगणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचे, नाव द्यायचे ठरत होते. काळ्या समाजाने विरोध केला आणि १७७० साली बोस्टनमध्ये इंग्रजांच्या गोळीला बळी पडलेल्या क्रिस्पस अ‍ॅटक्सचे नाव मिळवले. गोऱ्यांची महाविद्यालये काळ्या विद्वानांना नोकरी देत नसत, त्यामुळे या हायस्कुलात एम. ए. आणि डॉक्टरेट झालेले शिक्षक होते. बहिष्काराचा असाही एक लाभ!

इंडियानात बास्केटबॉल हा जवळजवळ धर्मच. पण राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेने अ‍ॅटक्सला सदस्यत्व नाकारले. कारण काय, तर ही ‘सार्वजनिक’ शाळा नाही, इथे गोरे विद्यार्थी नाहीत. ज्यांनी गोऱ्यांपासून वेगळे काढले, त्यांनीच वेगळेपणाचा दोष मुलांच्या माथी मारला. पाणवठ्याचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला हा युक्तिवाद नवा वाटणार नाही. १९४२ पर्यंत हा संघ इतर काळ्या आणि कॅथलिक शाळांशी सामने खेळायला लांबलांबच्या गावी जात असे.

दारे उघडली, आणि मग खिलाडूवृत्तीचा पाठ सुरू झाला. मुख्याध्यापक रसेल लेन हे विद्वान आणि सज्जन गृहस्थ. काळ्या मुलांनी मैदानावर सद्भावनेचे दूत व्हावे, पंचांशी वाद घालू नये, अंगावर जाऊन खेळू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यामागची भीती खोटी नव्हती, एका मुलाच्या रागाचे खापर साऱ्या समाजावर फुटणार होते. तरीही मला हे धोरण मान्य करता येत नाही. गोऱ्या मुलाला खिलाडूवृत्ती शिकवतात ती जिंकल्यावर उन्मत्त होऊ नये म्हणून. इथे ती शिकवली जात होती जिंकण्याची इच्छाच आवरावी म्हणून.

१९५० साली रे क्रो प्रशिक्षक झाले. अभ्यास आणि वर्तन यांबाबत तेही कडक होते, पण जोमाने खेळायला त्यांनी मुलांना मोकळीक दिली. पहिले दहा गुण पंचांचे समजा, त्यानंतरचे आपले, असे ते सांगत. पंच पक्षपाती आहेत, हे उद्दिष्टातच धरले होते. माझ्या मते शालेय क्रीडाशिक्षणातला हा सर्वांत प्रामाणिक पाठ होय.

१९५४ साली मिलान या खेडेगावातल्या चिमुकल्या शाळेने अ‍ॅटक्सला ६५-५२ असे हरवले आणि पुढे विजेतेपदही पटकावले. पण १९५५ मध्ये अ‍ॅटक्स अंतिम फेरीत पोचली. समोर गॅरी शहराची रूझवेल्ट, तीही काळ्यांचीच शाळा. तेरा वर्षांपूर्वी ज्यांना प्रवेशच नव्हता, अशा दोन शाळा राज्याच्या अजिंक्यपदासाठी झुंजत होत्या! अ‍ॅटक्सने ९७-७४ असा विजय मिळवला. सर्वांना खुल्या असलेल्या राज्य स्पर्धेत काळ्यांच्या शाळेने अजिंक्यपद मिळवण्याची ही अमेरिकेतली पहिलीच वेळ होती.

विजेत्यांनी शहराच्या मध्यवर्ती स्मारकचौकात उत्सव करायचा, अशी प्रथा होती. हे स्मारक गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धातल्या सैनिकांचे. अ‍ॅटक्सच्या मिरवणुकीला चौकात एक फेरी मारू दिली आणि तिथून थेट काळ्यांच्या वस्तीतल्या उद्यानाकडे वळवले. शेकोटी काय ती तिकडेच पेटवा! संघातला ऑस्कर रॉबर्टसन हा मुलगा उत्सव सोडून घरी निघून गेला. आपल्या बाळू पालवणकरांची आठवण इथे येतेच. पुण्याच्या मैदानावर त्यांच्या चेंडूला बंदी नव्हती, चहाच्या वेळी मात्र त्यांचे मातीचे भांडे मंडपाबाहेर असे.

पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, अ‍ॅटक्स एकही सामना न हरता अजिंक्य ठरली. इंडियानात असे यापूर्वी घडले नव्हते. रॉबर्टसन १९६० च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेत्या संघात होता. नंतर तो व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. खेळाडूला मालकाच्या दावणीला बांधणाऱ्या नियमांविरुद्ध १९७० साली जो खटला उभा राहिला, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. १९७६ च्या तडजोडीने ती दावण सैल झाली. कोणत्याही क्रीडासंघटनेच्या उद्दिष्टांत हे मूल्य छापलेले नसते, पण अ‍ॅटक्सच्या मैदानावर ते शिकता येत होते.

१९८६ साली इंडियानाच्या शालेय बास्केटबॉलवर ‘हूजियर्स’ नावाचा चित्रपट निघाला आणि गाजला. त्याचे कथानक अ‍ॅटक्सच्या दोन अजिंक्यपदांवर बेतलेले नाही, मिलानच्या एका विजयावर बेतलेले आहे. त्यात रे क्रोही दिसतात. अंतिम सामन्यात हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाची छोटी भूमिका त्यांना दिली होती.