शेंगदाण्याचे औषध कोणाच्या हातचे?

नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा महाराष्ट्राला माहीत आहे ते तिथल्या औष्णिक वीज केंद्रामुळे. कोळसा इथे जळतो, राख इथे पडते आणि वीज दूरवर जाते. राबणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न अशा गावाने विजेपुरता विचारून थांबू नये. तो लेकरांच्या अन्नालाही लावून पाहावा. तीव्र कुपोषणावरील उपचाराचा इतिहास त्यासाठीच तपासला पाहिजे.

आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गूळ यांचे 'हैदराबाद मिश्रण' सुचवले. 86 ग्रॅम मिश्रणातून सुमारे 330 कॅलरी आणि 11 ग्रॅम प्रथिने मिळत. पुढे 1990 नंतरच्या दशकात रुग्णालयांसाठी खास उपचाराचे दूध आले. पण ते स्वच्छ पाण्यात कालवावे लागे. पाणी अशुद्ध, तर औषधच घातक! म्हणून लेकरू रुग्णालयात ठेवणे भाग पडे आणि रोजावर जाणाऱ्या आईची मजुरी बुडे. ज्या घरात मजुरीवाचून चूल पेटत नाही, तिथे हा उपचार कसा टिकावा?

ही कोंडी 1996 मध्ये फुटली. आंद्रे ब्रियाँ आणि मिशेल लेस्कान या फ्रेंचांनी शेंगदाण्याचे वाटण, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि क्षार यांचे घट्ट मिश्रण केले. 92 ग्रॅमच्या पुडीत सुमारे 500 कॅलरी. पाणी लागत नाही, म्हणून जंतूंची वाढ सहसा होत नाही. भूक शाबूत असलेल्या आणि इतर गुंतागुंत नसलेल्या बालकावर घरीच उपचार करावेत, हे 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींनी संयुक्तपणे मान्य केले.

मात्र पुडीबरोबर बाजारही आला. 2009 मध्ये युनिसेफने बिहार आणि मध्य प्रदेशासाठी हे अन्न परदेशातून आणले, तेव्हा केंद्र सरकारने हरकत घेतली. त्याआधीच आफ्रिकेतील मलावीत ते स्थानिक पातळीवर तयार होऊ लागले होते. महाराष्ट्रातही मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाने ते स्वतः तयार केले, मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने स्थानिक उपचारअन्नाचा मार्ग धरला. म्हणजे कारखाना परदेशातच हवा, असे नाही. पण नुसता लाडू वळून भागत नाही. क्षार-जीवनसत्त्वांचे प्रमाण अचूक लागते आणि शेंगदाण्यातील बुरशीचे विष तपासावे लागते. गरिबाच्या लेकरासाठी म्हणून कमी प्रतीचे चालेल, हा विचारही विषमतेचाच आहे.

आता खरा प्रश्न. 'स्थानिक' म्हणजे कोण? 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाण्यास नकार दिला, हे आपण विसरता कामा नये. अन्न गावात शिजले म्हणून ते आपोआप समतेचे होत नाही. शाळेतील मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला 20 एप्रिल 2004 रोजी सांगावे लागले. त्याच वर्षी 7 ऑक्टोबरला अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार दूर ठेवा, असाही आदेश झाला. तरीही 2019 मध्ये महाराष्ट्रातील घरपोच आहाराची कंत्राटे न्यायालयालाच रद्द करावी लागली. तो आहार पूरक, उपचाराचा नव्हे. पण ठेक्याची रीत तीच. आदेश आपल्या बाजूने होता, अंमल त्यांच्या हाती होता.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे एकत्र धरावीत. पहिले मोजण्याचे: सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरहून कमी किंवा दोन्ही पायांवर सूज, तर ते बालक उपचारावाचून राहू नये. दुसरे मागण्याचे: हे अन्न आपल्या जिल्ह्यात बनावे, त्याची शास्त्रीय तपासणी व्हावी आणि ते बनवणाऱ्या संस्थांत दलित-आदिवासी स्त्रिया मजूर म्हणून नव्हे, हिशेब ठेवणाऱ्या मालक म्हणून असाव्यात. खापरखेड्यात वीज करता येते, तर लेकरांचे औषध नागपूर जिल्ह्यात का करता येऊ नये? सूत्र सापडले त्याला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. उरला आहे तो हक्काचा प्रश्न, आणि तो प्रयोगशाळेत सुटणारा नाही.