कुलपाचे गुपित

आमच्या कामठ्यात जुनी मोटार घेताना माणूस बोनेट उघडतो, टायर दाबून बघतो, आरसीवरचा चॅसिस नंबर ताडून पाहतो. चाव्या किती, हेही विचारतो. चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. गेल्या तीसेक वर्षांत मोटारीचे खरे कुलूप दारातून निघून त्या मुठीत गेले आहे. ते किती भक्कम, हे मालकाला कळू द्यावे की नाही, यावरचा वाद मला त्या कुलपाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

वाद मोटारीहून जुना आहे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ‘चब’चे नावाजलेले कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. मग २०० गिनींचे इनाम लावून अनेक दशके दुकानाच्या खिडकीत मिरवलेले ‘ब्रामा’ कुलूपही त्याने उघडले; त्याला ५१ तास लागले. चोरांना शिकवता काय, अशी ओरड झाली. चोरांना ते आधीच ठाऊक असते, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा, असे हॉब्जच्या बाजूचे उत्तर होते. १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने गुप्तलेखनासाठी नियमच घातला: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावे.

मोटारधंद्याने हा नियम मनावर घेतला नाही. १९९८ पासून युरोपातल्या नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. मोटारीचा संगणक चावीतल्या चिपला एक आकडा पाठवतो, चिप ठरलेल्या सूत्राने उत्तर देते, ते जुळले तरच इंजिन चालू होते. सूत्रे मात्र कंपन्यांनी झाकून ठेवली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचे सूत्र शोधून काढले. तिची किल्ली अवघ्या ४० बिटांची होती. सगळ्या शक्यता तपासून ती तासाभरात सापडे.

पुढचे प्रकरण थेट कोर्टात गेले. ‘मेगामॉस’ चिपचे दोष शोधणाऱ्या बर्मिंगहॅम आणि नायमेखनच्या तिघा संशोधकांनी २०१२ मध्येच चिप बनवणाऱ्या कंपनीला कळवले होते. तरी २०१३ मध्ये फोक्सवॅगनच्या अर्जावरून लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या निबंधावर मनाई आणली. तो छापला गेला २०१५ साली, एक वाक्य वगळून. ती दोन वर्षे अंधारात कोण होते? त्या चिपच्या मोटारी विकत घेणारेच.

बटन दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत तर सूत्र फोडायचीही गरज उरली नाही. २०११ मध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेल्स तपासली आणि दहाही फसली. एक यंत्र गाडीजवळ, दुसरे चावीजवळ. दोन्ही मिळून निरोप पोचवतात आणि चावी शेजारीच आहे असे गाडीला वाटते. आमच्याकडे गाडी अंगणात आणि चावी दाराजवळच्या खुंटीला. दोघांत भिंत एकच.

अशा चोरीत काच फुटत नाही, कुलूप तुटत नाही. मग विमा कंपनी पहिल्यांदा मागते त्या दोन्ही चाव्या, आणि एखादी हरवलेली असली तर संशय मालकाकडेच वळतो. आपल्याच मोटारीचा दोष ज्याला कधी सांगितला नाही, त्यानेच आपला खरेपणा सिद्ध करायचा!

मध्य प्रदेशाची हद्द इथून जवळ. गाड्यांची देवघेव पलीकडेही चालते. राज्य बदलताना ना-हरकतीसाठी फॉर्म २८ भरावा लागतो. त्यात इंजिन नंबर आहे, चॅसिस नंबर आहे. चिपविषयी रकाना नाही. तोवर घरच्या घरी एवढे करता येते: चावी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, डबा गाडीच्या दाराशी धरायचा आणि दार उघडते का ते पाहायचे. उघडले, तर दुसरा डबा शोधायचा.