वॉटर स्कूटर, रिक्षा आणि पाण्यात जाणारं पेट्रोल

"तुझी पीएचडी नेमकी कशावर आहे गं?" हा प्रश्न मला लग्नात, लोकलमध्ये, किराणा दुकानात, कुठेही विचारला जातो. "पाण्यातले आणि गाळातले हायड्रोकार्बन..." अशी सुरुवात केली की समोरचा लगेच दुसरीकडे बघू लागतो. म्हणून हल्ली मी वॉटर स्कूटरपासून सुरुवात करते. आज तुम्हालाही तिथूनच सांगते.

पनवेलहून पळस्पे फाटा, पेण, वडखळ करत अलिबागकडे गेलात की नागावच्या किनाऱ्यावर ही गाडी दिसतेच. कुणी तिला वॉटर स्कूटर म्हणतं, कुणी जेट स्की. जेट स्की हे खरं तर कावासाकी कंपनीच्या मॉडेलचं नाव. पण आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसंच हे झालं.

माझ्या बाबांचं जुन्या पनवेलमध्ये छोटं गॅरेज आहे. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकाने टेम्पोत घालून अशीच एक जुनी वॉटर स्कूटर त्यांच्याकडे आणली. बाबांनी कधी बोटीच्या इंजिनाला हात लावलेला नव्हता. त्यांनी हेड उघडलं, आत डोकावले आणि हसायलाच लागले. "अगं, ये इकडे. ही तर आपली जुनी रिक्षाच आहे! फक्त सिलिंडर दोन आहेत."

बाबांचं बरोबर होतं. आतलं इंजिन टू-स्ट्रोक होतं.

आता थोडा इतिहास. १९५०च्या दशकात ब्रिटनमधल्या व्हिन्सेंट या मोटरसायकल कंपनीने 'अमांडा' नावाची वॉटर स्कूटर काढली होती, पण ती फार चालली नाही. त्याच काळात न्यूझीलंडमध्ये बिल हॅमिल्टन उथळ नद्यांसाठी वेगळी बोट बनवत होते. उथळ पाण्यात पंखा दगडावर आपटतो, म्हणून त्यांनी बोटीच्या आतच पंप बसवला. तो पंप पाणी ओढून मागे जोरात फेकतो आणि बोट पुढे जाते. वॉटर स्कूटर ज्या जोरावर पळते तो हाच वॉटरजेट. बाहेर फिरणारं पातं नसल्यामुळे पाण्यात पडलेल्या माणसालाही धोका कमी.

या दोन गोष्टी एकत्र आणल्या क्लेटन जेकबसन या अमेरिकन माणसाने. तो मोटोक्रॉसच्या शर्यतींत उतरायचा. पडायचंच असेल तर जमिनीऐवजी पाण्यावर पडावं, असा साधा विचार. १९६५ साली त्याने ॲल्युमिनियमचा पहिला नमुना बनवला. बर्फावरच्या गाड्या बनवणाऱ्या कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीने १९६८ साली बसून चालवायची 'सी-डू' बाजारात आणली. तिचं रोटॅक्स इंजिन हवेने थंड होणारं होतं. ते तापायचं, शिवाय खाऱ्या पाण्याने गंजायचं. दोनेक वर्षांत गाडी बंद पडली. मग जेकबसन कावासाकीकडे गेला आणि १९७३च्या सुमाराला ४०० सीसीची, उभं राहून चालवायची जेट स्की आली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात यामाहाने दोघांना बसता येईल अशी वेव्हरनर काढली, १९८८ मध्ये सी-डू परत आली आणि हा खेळ सहलीला आलेल्या साध्या माणसांपर्यंत पोचला.

या सगळ्या गाड्यांमध्ये टू-स्ट्रोकच का? कारण हे इंजिन हलकं असतं. पिस्टन एकदा वर, एकदा खाली, की काम झालं. म्हणजे दर फेरीला स्फोट. व्हॉल्व्ह नाहीत, खाली ऑइल साठवायची जागा नाही, ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. गाडी उलटली तरी ऑइल भलतीकडे जायचा प्रश्न नाही. पाण्यात दर पाच मिनिटांनी कलंडणाऱ्या गाडीला आणखी काय हवं?

पण खोट तिथेच आहे. सिलिंडरच्या भिंतीत दोन भोकं असतात. एकातून ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं आणि जळलेल्या धुराला दुसऱ्यातून बाहेर ढकलतं. दोन्ही भोकं काही क्षण एकाच वेळी उघडी असतात, त्यामुळे धुरामागोमाग थोडं ताजं मिश्रणही न जळताच निघून जातं. हे 'थोडं' किती? कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात २५ ते ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे चार लिटर पेट्रोल भरलं, तर त्यातलं लिटरभर नुसतं आत येऊन बाहेर जाणार.

रस्त्यावर हे सगळ्यांना दिसत होतं. रिक्षामागे स्कूटर चालवलेल्या कुणालाही विचारा. त्या धुराविरुद्ध १९९०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत लोक उच्च न्यायालयात गेले, आदेश निघाले, टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर आल्या. वॉटर स्कूटरचा धूर मात्र इंजिन थंड करून आलेल्या पाण्यात मिसळून मागून पाण्यातच सुटतो. दिसत नाही, म्हणून कुणी बोलत नाही.

अमेरिकेत याची दखल आधी घेतली गेली. तिथल्या पर्यावरण संस्थेने १९९६ साली नियम केला: बाहेर लावायच्या बोट-इंजिनांतून आणि वॉटर स्कूटरमधून निघणारे हायड्रोकार्बन २००६ पर्यंत ७५ टक्क्यांनी कमी करायचे. ताहो सरोवरावर तर जून १९९९ पासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक इंजिनांना बंदीच आली.

कंपन्यांपुढे दोन वाटा होत्या. पहिली, टू-स्ट्रोकच सुधारायचं. ऑस्ट्रेलियात राल्फ सारिच यांच्या ऑर्बिटल कंपनीने एक युक्ती काढली होती: आत आधी फक्त हवा येऊ द्यायची आणि धुराचं भोक बंद होत आलं की मगच दाबलेल्या हवेबरोबर पेट्रोल फवारायचं. पेट्रोल उशिरा आल्यावर पळणार कसं? २०००च्या सुमाराला ही पद्धत सी-डूमध्ये आली. आणि हे वाचताना मी खुर्चीत ताठ बसले: त्याच ऑर्बिटलचं तंत्र घेऊन आपल्या पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये टू-स्ट्रोक रिक्षा काढली! बाबा हेड उघडून जे बोलले, ते इतकं खरं होतं.

दुसरी वाट फोर-स्ट्रोकची. २००२ साली यामाहा, सी-डू आणि होंडा या तिघांनी फोर-स्ट्रोक वॉटर स्कूटर आणल्या आणि पुढे हीच वाट जिंकली. यामाहाची उभं राहून चालवायची सुपरजेटसुद्धा २०२१ मध्ये फोर-स्ट्रोक झाली.

माझं काम इथून पुढे सुरू होतं. न जळलेल्या पेट्रोलमधले बेंझिन, टोल्युइनसारखे हलके घटक बऱ्यापैकी उडून जातात. पण धुरातले पीएएच नावाचे जड रेणू गाळाला चिकटून राहतात. त्यातले काही ऊन पडल्यावर माशांच्या पिल्लांना जास्त विषारी ठरतात. आणि ही पिल्लं वाढतात कुठे? खाडीतल्या आणि किनाऱ्यालगतच्या उथळ, उन्हाच्या पाण्यात. म्हणून मी ओहोटीला चिखलात उतरून डबे भरते. त्यात बोटींचं किती, रस्त्यांवरून वाहून आलेलं किती, कारखान्यांचं किती, हे वेगळं काढणं हाच माझा प्रबंध.

त्या वॉटर स्कूटरचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. बाबांनी ती दुरुस्त करून दिली. नवीन रिंगा, साफ केलेला कार्ब्युरेटर, पहिल्या किकला... नाही, पहिल्या बटणाला चालू. मालकाच्या डोक्यावर कर्ज होतं आणि मे महिन्याचा सीझन तोंडावर. मी काही बोलले नाही. काय बोलणार? माझ्या बी.एस्सी. आणि एम.एस्सी.ची फी टू-स्ट्रोक रिक्षांनीच भरली आहे. रात्री जेवताना मी बाबांना ते दोन भोकांचं गणित सांगितलं. ते म्हणाले, "वाया जातं ते माहीत होतं गं. हाताला वास यायचा ना. पण ते पाण्यात जाऊन बसत असेल, हे कधी डोक्यात आलं नाही."

आता तुम्ही किनाऱ्यावर गेलात तर एक करा. उभ्या असलेल्या वॉटर स्कूटरच्या मागच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग आहे का ते बघा. मग मालकाला सहज विचारा, "दादा, हिला टू-टी ऑइल लागतं का?" उत्तर 'हो' आलं, तर आत काय चाललंय ते तुम्हाला आता ठाऊक आहे. भांडू नका. भाड्याने घेताना शेजारची फोर-स्ट्रोक मागा. गिऱ्हाईक काय मागतं, हे मालकाला लगेच कळतं.