माळवदावरची माती

आमच्या औसा तालुक्यात जुनं घर म्हणजे माळवदाचं. मधी लाकडी खण, त्यावर तुळया, सर, किलच आणि वर पांढरी माती. भिंती दोन-अडीच हात रुंद. आतून-बाहेरून दगड रचायचा, मधी चिखल आणि बारके गोटे. दगड शिवारातला, माती गावातली. देवळ्या, बळद सगळं भिंतीच्या पोटात. वैशाखात बाहेर अंग भाजायचं, आत मात्र माठातल्यावाणी गार.

मृगाच्या आधी आजोबा माळवदावर चढायचे. आधी जुनी माती खरवडून खाली टाकायची, मग नवी चोपायची. कारभार माझ्याकडं आला तवा खरवडायला रोजगारी परवडंना. गळतंय तिथं माती टाक, असंच चाललं. सगळ्या गावाचं हेच. वीतभराची माती दीड हात झाली. गळत नव्हतं, म्हणून बरंच वाटायचं. त्यात मी मागं एक खोली वाढवली. लाकूड महाग, म्हणून खण न घालता तुळया सरळ भिंतीवरच टेकवल्या.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भुई हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसं दगड-मातीखाली गेली. आमचं गाव जरा लांब. तरी मागच्या खोलीत चुलती झोपली होती, ती गेली. उजाडल्यावर बघितलं तर मधल्या घराच्या भिंती भुईला, अन् आजोबांचे खण जागच्या जागी उभे.

पुढं इंजिनिअर आले. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, म्हणाले. आजोबा माती खरवडायचे ते कशासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

लोकांनी दगडाची धास्ती घेतली. पत्रे आले. उन्हाळ्यात त्याखाली बसवत नाही, पण कुणाला नावं ठेवायची? आमची मंडळी दोन वर्षं अंगणात निजली. मी खण तेच ठेवले, भिंती बारीक केल्या, आरपार दगड घातले. मागची खोली परत बांधली नाही. तिथं आता लिंब आहे.

छत्रीच्या जुन्या काडीवर वीतभराची खूण केलीय. मृगाआधी ती माळवदात खुपसून बघतो. यंदा चार बोटं जास्त भरली. नातवाला हाक मारली, म्हणलं, खोरं आण अन् वर ये.