लाल खड्याचा माग: भारतीय गार्नेट आणि त्याचा प्राचीन व्यापार

गार्नेट हे एका खनिजाचे नाव नसून एकाच धाटणीची स्फटिकरचना असलेल्या सिलिकेट खनिजांच्या गटाचे नाव आहे. या गटातील लोहयुक्त अल्मंडाइन आणि मॅग्नेशियमयुक्त पायरोप या दोन प्रकारांपासून गडद लाल खडे मिळतात, तर कॅल्शियमयुक्त ग्रॉस्युलरचा मधाच्या रंगाचा प्रकार म्हणजे नवरत्नांतील गोमेद होय. उत्तर भारतातील जवाहिरे लाल गार्नेटला तामडा म्हणतात. इ. स. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील रत्नांच्या यादीत गोमेदाबरोबर ‘पुलक’ हे नाव आढळते आणि अनेक अभ्यासकांच्या मते हे नाव गार्नेटचेच आहे. माणिक, पाचू आणि हिरा यांच्या पंक्तीत गार्नेटला नेहमीच खालचे पान मिळाले असले, तरी इतिहासाच्या अभ्यासात त्याची योग्यता मोठी आहे. कारण निसर्गाने ज्या अवस्थेत घडवला त्याच अवस्थेत हा खडा माणसाच्या अंगावर राहिला, आणि म्हणूनच आपण कोठून आलो याची साक्ष तो दीड हजार वर्षांनंतरही देऊ शकतो.

या गुणाचे मूळ त्याच्या रासायनिक घडणीत आहे. माणकाचा लाल रंग क्रोमियमच्या, आणि नीलाचा निळा रंग लोह व टायटॅनियम यांच्या अल्पशा अंशामुळे येतो. हे अंश खनिजाच्या मूळ सूत्राचा भाग नसल्याने आणि त्यांची स्थिती तीव्र उष्णतेने पालटता येत असल्याने, आज बाजारात येणारी बहुसंख्य माणके व नील भट्टीतून काढलेले असतात. अल्मंडाइनमधील लोह मात्र त्या खनिजाचा अविभाज्य घटक आहे; ते वगळले तर अल्मंडाइनच उरत नाही. त्यामुळे तापवून त्याचा रंग खुलवता येत नाही आणि तसा प्रयत्न करण्यात व्यापाऱ्याला लाभही नसतो. उरल पर्वतातील डिमँटॉइड नावाचे हिरवे गार्नेट पुष्कळदा तापवले जाते, परंतु तो अपवाद होय. याशिवाय गार्नेटची कठिनता साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असते, म्हणजे ते साधारणपणे स्फटिकमण्याच्या, अर्थात क्वार्ट्झच्या, तोडीचे असते. ठरावीक प्रतलांवर सहज फुटण्याचा गुण, ज्याला खनिजशास्त्रात पाटन म्हणतात, त्याच्या ठायी नसतो. आणि प्रकाशाला वळवण्याची त्याची शक्ती मोठी असल्यामुळे ओप दिल्यावर त्यावर काचेपेक्षा सरस तेज चढते.

प्राचीन ग्रीकांना या तेजाचे विलक्षण आकर्षण होते. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर पूर्वेकडील मार्ग खुले झाले आणि ग्रीक दागिन्यांत लाल गार्नेटची रीत पडली. याच सुमारास ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रास्टसने आपल्या पाषाणविषयक ग्रंथात निखाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाल रत्नाचे वर्णन केले असून, अगदी लहान खड्यालाही सोन्याची चाळीस नाणी पडत असे तो सांगतो. इ. स. ७७च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘निसर्गेतिहासा’च्या सदतिसाव्या भागात रोमन लेखक प्लिनीने या निखाऱ्यासारख्या रत्नांच्या भारतीय व आफ्रिकी अशा जाती नोंदवल्या. या नावाखाली त्या काळी माणिक आणि इतर लाल रत्नेही येत असली, तरी त्यांत मोठा वाटा गार्नेटचाच होता असे मानले जाते. निस्तेज खडे चौदा दिवस शिरक्यात भिजवले असता तितकेच महिने चमकत राहतात, ही प्लिनीने दिलेली माहिती विशेष लक्षणीय आहे. कारण रत्नाला कृत्रिम झळाळी देण्याचा मोह आणि तिच्या क्षणभंगुरतेची जाणीव या दोन्ही गोष्टी किती जुन्या आहेत हे तीवरून कळते.

भारतातील ज्या ठिकाणी या रत्नांचे काम चाले, त्यांपैकी पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू हे सर्वांत परिचित होय. १९४५ साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे उत्खनन करून रोमन जगाशी असलेला त्याचा संबंध प्रकाशात आणला. तेथे तयार मण्यांबरोबर अर्धवट घडवलेले आणि भोक पाडताना फुटलेले गार्नेटचे मणीही मिळाल्यामुळे ते केवळ बंदर नसून मणिकारांचे ठाणे होते, हे स्पष्ट झाले. मात्र कच्चा दगड तेथे कोठून येत असे, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. पुण्याच्या रत्नशास्त्रज्ञ जयश्री पंजीकर यांचा सहभाग असलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अरिकामेडूच्या मण्यांची तुलना तेलंगणातील कोठागुडेमजवळच्या गरीबपेट येथील गार्नेटशी करण्यात आली. दोन्हींची रासायनिक घडण जुळली. इतकेच नव्हे, तर स्फटिक वाढत असताना त्यात अडकलेले सिलिमनाइट या खनिजाचे तंतूही दोन्हींत सारख्याच रीतीने मांडलेले आढळले. सुमारे सहाशे किलोमीटर अंतरावरील टेकडी आणि समुद्रकाठची कर्मशाळा यांचे नाते अशा प्रकारे खुद्द खड्याच्या पोटातील पुराव्यावरून सिद्ध झाले. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने कावेरीच्या मुखावरील बंदरातून ‘अलबंदेनम’ निर्यात होत असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि हा माल म्हणजे गार्नेट असावे असा अभ्यासकांचा कौल आहे.

पश्चिम रोमन सत्ता ढासळल्यावर युरोपात उदयास आलेल्या राजकुळांनी या लाल खड्याला राजचिन्हाची प्रतिष्ठा दिली. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या डाखून घरे तयार करायची, त्यांच्या तळाशी ठशाची नक्षी उठवलेला सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि त्यावर गार्नेटची तासून पातळ केलेली चकती बसवायची, अशी ती जडावाची पद्धत होती. गडद गार्नेट जाड असेल तर काळपट दिसते. पातळ चकतीतून मात्र प्रकाश आत शिरतो, वर्खावरून परततो आणि रंग पेटून उठतो. फ्रँकांचा राजा पहिला चिल्डेरिक याची कबर १६५३ साली तुर्ने येथे सापडली, तेव्हा तीत सोन्यात गार्नेट जडवलेल्या सुमारे तीनशे मधमाश्या मिळाल्या. पुढे १८३१ सालच्या चोरीत त्यांतील बहुतेक नाहीशा झाल्या. इंग्लंडमध्ये सटन हू येथे १९३९ साली उघडकीस आलेल्या सातव्या शतकातील नौका-दफनातही याच कामाचे अप्रतिम नमुने आहेत.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील कणत्वरकाच्या साहाय्याने तोमा कालिगारो आणि पात्रिक पेरँ या संशोधकांनी अशा दागिन्यांचा अभ्यास केला. प्रोटॉनांचा झोत खड्यावर सोडून त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून त्याची घडण वाचण्याच्या या पद्धतीत दागिन्याला धक्का लागत नाही. पाचव्या व सहाव्या शतकांतील बहुसंख्य खडे भारतीय अल्मंडाइनचे, काही श्रीलंकेचे, आणि सहाव्या शतकाच्या अखेरीनंतरचे खडे वाढत्या प्रमाणात बोहेमियाच्या पायरोपचे असल्याचे त्यातून दिसून आले. तांबड्या समुद्राच्या वाटेवरील राजकीय उलथापालथीमुळे पूर्वेकडचा पुरवठा आटला असावा, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. कागदोपत्री ज्याचा मागमूस नाही अशा व्यापाराचा चढउतार येथे दागिन्यांवरून वाचता आला.

बोहेमियाच्या या लहान, रक्तवर्ण खड्यांनी पुढे स्वतंत्र परंपरा उभी केली. १७६२ साली सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने कच्च्या गार्नेटच्या निर्यातीस बंदी घातली, आणि १८८४ साली तुर्नोव्ह येथे या कलेचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. इकडे भारतातही जयपूर संस्थानातील राजमहाल व किशनगढ संस्थानातील सरवाड येथील गार्नेट प्रसिद्धीस आले.

आज रत्नांच्या व्यवहारात ‘नैसर्गिक व संस्काररहित’ हे शब्द किमतीचे समर्थन म्हणून वापरले जातात; गार्नेटच्या बाबतीत त्यांना अधिक खोल अर्थ आहे. खड्यातील सूक्ष्म तंतू, रुटाइलच्या सुया किंवा झिरकॉनचे कण यांना दोष मानून नाक मुरडण्याची सवय ग्राहकांना असते; वास्तविक तीच त्याच्या जन्मस्थानाची ओळखपत्रे आहेत. ज्या मणिकारांची, खाणकऱ्यांची आणि तांड्यांच्या नायकांची नावे कोणत्याही शिलालेखात कोरली गेली नाहीत, त्यांच्या श्रमांचा इतिहास याच खुणांच्या आधारे लिहिला जात आहे. म्हणून भारतीय उत्खननांत मिळालेला प्रत्येक गार्नेटचा मणी शोभेची वस्तू म्हणून पेटीत न ठेवता, दस्तऐवज म्हणून तपासला आणि जपला गेला पाहिजे.