तीन मिनिटं आली कुठून?

सकाळी ऑफिसला पळायचं असलं की इन्स्टंट ओट्सइतका सोपा नाश्ता नाही. वाटीत पाकीट रिकामं करा, उकळतं पाणी ओता, तीन मिनिटं थांबा. झालं! पण मंडळी, हे धान्य मुळात अजिबात घाईचं नाही. मग ही तीन मिनिटं आली कुठून?

त्यासाठी आधी स्कॉटलंडला जाऊ. तिथल्या थंड, ओल्या हवेत गव्हाचं फारसं जमत नाही, ओट मात्र तग धरतो. त्यामुळे गरिबाचं पोट त्याच्यावर. इंग्लंडात घोड्यांना घालतात ते तिकडे माणसं खातात, असा चिमटा सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशात काढून ठेवलाय! शेतमजुरांना मजुरीचा काही भाग ओटच्या पिठात मिळायचा. गावाकडून विद्यापीठात आलेली पोरं पिठाची पिशवी घेऊन यायची, आणि सत्राच्या मध्यावर ती पुन्हा भरून आणायला चक्क सुट्टी असायची. तिचं नावच 'मील मंडे', म्हणजे पिठाचा सोमवार. घरून डबे-पिशव्या घेऊन पुणे-बंगलोर गाठणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको :)

आता कामाचा हिशोब बघा. ओटमध्ये स्निग्धांश बराच, त्यामुळे सोललेला दाणा लवकर खवट होतो. म्हणून आधी भट्टीवर वाळवायचा, मग टरफल काढायचं, मग जात्यावर भरडायचा. ती भरड पाण्यात मीठ घालून अर्धा तास शिजवायची, आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून 'स्पर्टल' नावाच्या लाकडी दांडक्याने सारखी ढवळायची. म्हणजे चुलीपाशी कोणीतरी उभं राहणं आलं. कोण, ते सांगायला हवं का?

पुढची गोष्ट अमेरिकेतली. फर्डिनांड शूमाकर या जर्मन स्थलांतरिताने १८५६ साली ओहायोतल्या ॲक्रनमध्ये ओटची गिरणी काढली. १८७७ मध्ये जवळच्याच रॅव्हेना गावातल्या एका गिरणीने 'क्वेकर' हा ट्रेडमार्क नोंदवला. हेन्री क्रोवेलने ती १८८१ मध्ये विकत घेतली, आणि दुकानात पिंपातून सुटे मिळणारे ओट खोक्यात घालून, नाव छापून विकायला लागला.

पण खरी करामत रुळांची. सोललेला दाणा वाफवायचा आणि दोन रुळांमधून दाबून चपटा करायचा. अहो, हे तर आपले पोहेच! चपट्या दाण्यात पाणी पटकन शिरतं, शिवाय वाफेने तो थोडा शिजलेला असतोच. १९२२ मध्ये 'क्विक' ओट्स आले: दाण्याचे आधी तुकडे, मग पातळ चपटे. १९६६ मध्ये इन्स्टंट आले, आणखी पातळ आणि आधीच शिजवलेले. जाडे पोहे, पातळ पोहे, तसंच.

थोडक्यात, शिजवायचं काम कुठे नाहीसं झालं नाही. ते चुलीवरून गिरणीत हलवलं गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रीकंप्यूट केलं. आणि प्रीकंप्यूटची किंमत असते तशी इथेही आहे. जे पाण्यात लवकर शिजतं ते पोटातही लवकर पचतं, त्यामुळे इन्स्टंटने रक्तातली साखर जाड्या ओट्सपेक्षा वेगाने चढते. चवीच्या पाकिटात वरून घातलेली साखर असते, ती वेगळीच.

म्हणून इन्स्टंटला नावं ठेवायची का? मला नाही वाटत. चुलीपाशी रोज जाणारा तो अर्धा तास कोणाचा तरी होता, तो तिला परत मिळाला. ही गोष्ट लहान नाही. फक्त आपण कशाच्या बदल्यात काय घेतोय, एवढं माहीत असावं.

आणि रविवारी कुठे घाई असते? एक वाटी जाडे ओट्स, अडीच वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत राहा. वरून गार दूध. आणि ढवळायला घरातल्या नेहमीच्या माणसाऐवजी यावेळी आपण उभं राहा, काय?