भरलेलं बॅरल आणि डेंग्यूचा ताप



पावसाळ्यात नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी रुग्णालयात काय किंवा लातूरच्या, तापाचे रुग्ण वाढतात. त्यांत डेंग्यूचे किती, हे नुसतं बघून कळत नाही. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि नंतर आयजीएम, या रक्ततपासणीवरून ते ठरतं. म्हणजे डेंग्यूचा सरकारी आकडा हा दवाखान्यात पोचलेल्या आणि रक्त तपासलेल्या माणसांचा असतो. घरीच गोळी घेऊन पडून राहिलेली बाई त्यात नसते.

हा हाडमोड्या ताप पूर्वी शहरांचा आजार समजला जाई. १९६३ साली कोलकात्यात मोठी साथ आली. १९९६ साली दिल्लीत दहा हजारांवर रुग्ण झाले, चारशेवर माणसं दगावली. पुढे तो खेड्यांतही पोचला. त्याचा डास गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गावोगाव नळ आले, पण पाणी रोज येईना. मग दारोदारी बॅरल आणि टाक्या आल्या.

२०१६ साली मांजरा धरण आटलं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. असे दिवस पाहिलेल्या बाईला पाण्याचा थेंब टाकवत नाही.

आणि आपल्याला सांगतात, दर आठवड्याला भांडी रिकामी करा. नळच आठ-दहा दिवसांनी येत असेल, तर भरलेलं बॅरल कोण ओतून देईल?

ओतू नका. जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं तोंडाला घट्ट बांधा. अळ्या दिसल्या तर पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या. बॅरल रिकामं झालं की आतून काथ्यानं घासा. डासाची अंडी भिंतीला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा.

ताप आला तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, रक्त तपासून घ्या. ताप उतरताना पोटात जोराचं दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गटाच्या पुढच्या बैठकीत गावातल्या तापाच्या घरांची यादी करून आशाताईकडे द्या. ग्रामसभेत नळाचा वार ठरवून मागा. फडकं आपण बांधू, पण पाणी वेळेवर सोडणं पंचायतीचं काम आहे.